फिनाईलवाल्याचा बंगला

संप फसला, गिरणीचं दार पुन्हा उघडलंच नाही, तेव्हा परळची खोली सोडून आम्ही घाटकोपरच्या डोंगरावर राहायला आलो. डोंगर म्हणजे नुसता कातळ आणि त्याला चिकटून बसलेल्या झोपड्या. नळ खाली, रेशन खाली, मुलीची शाळा खाली. नवरा म्हणाला, दिवस फिरले की उतरू. माणूस बोलायला कमी. कणकवलीकडचा. जे बोलायचे ते असं ठाम, की पुढे विचारायची सोय नसायची.

सूतखात्यात उमेद गेलेल्या माणसाला उपनगरात कोण विचारतो? बरेच दिवस वणवण केल्यावर त्यांना एक मुकादम भेटला. त्या वर्षांत अंधेरी, बोरिवली, इकडे घाटकोपर, मुलुंड, जिथे बघावं तिथे जुने बंगले पडत होते आणि त्यांच्या जागी सोसायट्या उठत होत्या. बंगला पाडायच्या आधी तो खाली करावा लागतो. मालक माणसं दागिने, देव आणि भिंतीवरचे फोटो घेऊन जातात. बाकी सगळं तसंच टाकून जातात. मोडके पलंग, उंदरांनी कुरतडलेल्या गाद्या, माळ्यावरचे गंजलेले डबे, म्हाताऱ्यांच्या औषधांच्या बाटल्या, कबुतरांची घाण. ते सगळं बाहेर काढायचं, भंगारवाल्याचं त्याला द्यायचं आणि उरलेलं ट्रकमध्ये भरून खाडीकडे नेऊन ओतायचं. हे मुकादमाच्या माणसांचं काम.

ते कुठल्या घरातून आलेत, हे मला मोरीतल्या पाण्यावरून कळायचं. कधी पाणी चुन्यासारखं पांढरं, कधी विटकरी, कधी काजळीचं काळं. सिमेंटचे पत्रे कापायचं काम असलं की केसात राखाडी कोंडा बसायचा, तो दोनदा धुतला तरी निघत नसे. पायात साधी चप्पल. खिळा तळव्यातून वर आला की हळद भरायची, दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी लंगडत कामावर जायचं. काच लागणं ही तर बोलायची गोष्टच नव्हती. एकदा मी म्हटलं, मुकादमाला सांगा ना, बूट तरी द्या म्हणून. ते हसले. म्हणाले, तो गूळ देतो.

खरंच देत असे. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा. धूळ घशात अडकत नाही, गुळाबरोबर पोटात जाते, असं तो सांगायचा. गिरणीतही तेच सांगायचे, त्यामुळे ह्यांना ते पटायचं. तोंडाला बांधायला ज्याचा त्याचा रुमाल. तोही उकाड्यात कपाळावर जायचा.

त्या टोळीत एक म्हातारा मिस्त्री होता. मरोळच्या गावठाणातला किरिस्ताव, घरी मराठीच बोलणारा. दारं-खिडक्या चौकटीसकट सोडवून काढणं हे त्याचं काम. ह्यांची आणि त्याची जोडी जमली होती. दुपारची भाकरी दोघं एका जागी बसून खायचे. नाताळात त्याने आमच्याकडे करंज्या धाडल्या, गणपतीत मी त्याला मोदक दिले. पुढे जे झालं ते मला त्याच्याकडूनच कळलं, कारण ह्यांनी ते नीट कधी सांगितलं नाही.

मुलुंडला स्टेशनपासून आत एक बंगला होता. त्याचा म्हातारा मालक मागच्या आउटहाऊसमध्ये फिनाईल आणि संडास धुवायचं ॲसिड बनवायचा आणि बाटल्यांतून सोसायट्यांना विकायचा. आजूबाजूचे लोक त्या घराला फिनाईलवाल्याचा बंगला म्हणत. म्हातारा वारला, मुलं परदेशात, जागा बिल्डरकडे गेली. आउटहाऊसमध्ये ॲसिडचे काचेचे मोठे बुधले उभे होते आणि ब्लिचिंग पावडरची पिंपं, ओल लागून दगड झालेली. भंगारवाला म्हणाला, बुधले रिकामे असतील तर नेतो, भरलेले नेणार नाही. मुकादम म्हणाला, मग करा रिकामे, त्यात काय.

सकाळी एकाने पिंपातली पावडर फावड्याने फोडून आउटहाऊसच्या न्हाणीत सारली आणि वर पाणी सोडलं. ती पुरती वाहून गेली नव्हती. न्हाणी बुटकी, वर एवढासा झरोका, गटारीचं तोंड कचऱ्याने तुंबलेलं. दुपारच्या भाकरीनंतर माझा नवरा बुधला उचलून तिथेच घेऊन गेला आणि ओतायला लागला. खाली राहिलेल्या पावडरीवर ॲसिड पडलं तसा धूर उठला. तो पूर्ण ओतेपर्यंत ते थांबले, असं मिस्त्री सांगायचा. बुधला मध्येच सोडला असता तर काच फुटून पायावर ॲसिड आलं असतं. तेवढा वेळ ते त्या पिवळट, हिरवट धुरात वाकून उभे होते.

मिस्त्री बाहेर दाराचे बिजागर काढत होता. त्याला वास आला, मग आतून खोकल्याचा आवाज आला, मग आवाज बंद झाला. त्याने गोणपाट प्यायच्या पाण्याच्या पिंपात बुचकळून तोंडाला धरलं आणि ह्यांना बगलेत हात घालून ओढत बाहेर आणलं. बाकीचे फाटकापर्यंत पळाले होते. मुकादमाने दूध मागवलं. दूध पाजलं, डोळे धुतले, झाडाखाली बसवलं. थोड्या वेळाने ते उठून बसले, खोकले, चालले. तेव्हा सगळे म्हणाले, सुटला.

भोपाळ झालं ते त्यानंतर. तोवर गॅस म्हणजे आमच्या लेखी सिलिंडर, आणि तोही आमच्याकडे नव्हता. त्या दिवशी ते डोंगर चढून आपल्या पायांनी घरी आले. डोळे लाल होते, घसा बसला होता. मला म्हणाले, ॲसिडचा वास गेलाय जरा नाकात. मी हुलग्यांचं कढण केलं होतं, ते पिऊन हे पडून राहिले. उजाडता उजाडता मला जाग आली ती त्यांच्या श्वासाच्या आवाजाने. पाण्यातून बुडबुडे यावेत तसा आवाज. ओठ निळे पडले होते. शेजारच्या बाप्यांनी त्यांना खुर्चीत बसवून खुर्चीसकट खाली उतरवलं. वाटेत पायऱ्या इतक्या अरुंद होत्या की एकाला पुढे उलटं चालावं लागलं. खाली रिक्षा मिळाली.

सरकारी हॉस्पिटलात नाकाला नळी लावली. तिथला हवालदार दोन दिवसांनी विचारायला आला, काय झालं, कुठे झालं. मी पलंगाशी उभी होते. त्यांनी नळी बाजूला केली आणि म्हणाले, "घरी. मोरी धुताना."

मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझं मनगट धरलं. इतक्या अशक्त माणसाच्या हातात एवढी ताकद कुठून आली, कळलं नाही. हवालदाराने लिहून घेतलं आणि तो पुढच्या पलंगाकडे गेला.

नंतर मी भांडले. वॉर्डात भांडता येत नाही, म्हणून कानाशी वाकून भांडले. ते म्हणाले, पोलीस बंगल्यावर गेले तर काम बंद पडेल, सगळ्यांच्या चुली विझतील. मुकादम येऊन गेला होता, हे मला तेव्हा कळलं. मोसंबी घेऊन आला होता, मी पाणी आणायला गेले असताना. त्याने हात जोडले होते म्हणे. आणि सांगितलं होतं, बरा हो, तुझी जागा ठेवतो.

"बरा झालो की मला परत जायचंय ना," ते म्हणाले. "जायला जागा नको?"

त्यांना खरंच वाटत होतं, ते बरे होणार.

घरी सोडताना डॉक्टरीण बाईंनी मला बाजूला घेतलं. तरुण होत्या, माझ्याच वयाच्या असतील. त्या म्हणाल्या, फुप्फुसं आतून भाजली आहेत. कातडी भाजली तर नवी येते, हे तसं नसतं. जे राहिलंय ते जपायचं. धूळ नको, धूर नको, जिने चढणं नको. मी त्यांना म्हटलं, आम्ही डोंगरावर राहतो. त्यांनी मग गोळ्या कशा द्यायच्या ते पुन्हा एकदा समजावून सांगितलं, मला पहिल्यांदाच समजलं होतं तरी.

डोंगर चढायला त्यांना अर्धी सकाळ लागली. लोकांच्या ओट्यांवर बसत बसत आले. प्रत्येक ओट्यावर कोणी तरी पाणी द्यायचं, कोणी विचारायचं, काय झालं, आणि ते म्हणायचे, काही नाही, जरा दम लागतो. दारात पोचले आणि बसले. त्यानंतर दवाखान्याशिवाय ते खाली उतरले नाहीत. त्यांना वास येणंही बंद झालं होतं. मी सुके बोंबील भाजले तरी त्यांना कळत नसे. कोकणातल्या माणसाला बोंबलाचा वास येऊ नये म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच माहीत. जेवताना ते मला विचारायचे, आज काय आहे गं, आणि ताट समोर असायचं.

मिस्त्री एका रविवारी प्रार्थना आटपून, कडक इस्त्रीच्या शर्टात, एवढा डोंगर चढून आला. ह्यांच्याशी इकडचं तिकडचं बोलला आणि निघताना मला दाराबाहेर म्हणाला, "बाय, मी येतो साक्षीला. जिथे सांगायचं तिथे सांगतो."

आम्ही दोघं कामगारांच्या सरकारी ऑफिसात गेलो. ह्यांना सांगितलं नाही. साहेब चांगला माणूस होता, बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, कारखाना कुठला? मी म्हटलं, कारखाना नाही, घर खाली करत होते. त्याने विचारलं, हजेरी कुठे लागायची, कामावर असल्याचं काही आहे का? मिस्त्री म्हणाला, मी आहे की. साहेब मान हलवत राहिला. घराला आमचा कायदा लागत नाही, म्हणाला, आणि तुमच्या नवऱ्यानेच पोलिसात घरी झालं म्हणून सांगितलंय. ह्यात मी काय करू, बाई? त्याच्या आवाजात खोटेपणा नव्हता, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. खोटा असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

ही गोष्ट मुकादमाच्या कानावर गेली. कोणी सांगितलं, देव जाणे. त्याने मिस्त्रीला काही विचारलं नाही, पुढच्या कामाला दुसराच मिस्त्री आणला. म्हातारा मग मरोळला आपल्या घराशी लोकांच्या खुर्च्या दुरुस्त करत बसायचा. मी माफी मागायला गेले, तर त्याच्या बायकोने चहा दिला आणि तो म्हणाला, वय झालंच होतं. त्याला अजून पुष्कळ वर्षं काम करता आलं असतं, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं.

घरात कमावणारं कोणी नव्हतं. मी पापड लाटले, चार घरची धुणी केली, पण धुण्याची घरं सगळी खाली आणि पाणी भरायला पुन्हा मीच. एक दिवस हे म्हणाले, मुकादमाकडे मी निरोप धाडलाय. माझी जागा ठेवतो म्हणाला होता, ती तुला देईल.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते भिंतीकडे बघत होते.

अशी मी त्या कामाला लागले. टोळीत आणखी बायका होत्या. सामान निवडायचं, घमेल्यात भरायचं, ट्रकपर्यंत डोक्यावरून न्यायचं. आधी मला वहिनी म्हणणारा मुकादम आता ए बाई म्हणायचा. पहिल्याच दिवशी मी बुटांचं काढलं. त्याने खरंच गमबूट आणले, एकच जोड, पुरुषाच्या मापाचा. जो आधी पोचेल त्याने घालायचे. बायकांच्या पायातून ते निघून यायचे, म्हणून आम्ही कोणी घातले नाहीत. मग तो सांगायला मोकळा झाला की बूट दिले होते, ह्या बायांनाच नको.

मी एक मात्र ठरवलं होतं. कशात काय आहे हे कळल्याशिवाय काही ओतायचं नाही, आणि दुसऱ्या कोणालाही ओतू द्यायचं नाही. सुरुवातीला बायका ऐकायच्या. माझ्या नवऱ्याचं सगळ्यांना माहीत होतं. मी ओला पदर तोंडाला बांधला की त्याही बांधायच्या. एखादी बाटली सापडली की मला हाक मारायच्या. मी सांगायची, बाजूला ठेवा, आणि ती बाजूला ठेवली जायची. थोडे दिवस मला वाटलं, एवढं जरी झालं तरी खूप आहे.

मग बोरिवलीला एका घरात मागच्या पडवीत काचेचे बुधले निघाले. अगदी मिस्त्रीने सांगितल्यासारखेच, बुचं लावलेले, आत पिवळसर पाणी. मी म्हटलं, कोणी हात लावायचा नाही. मुकादम म्हणाला, संध्याकाळच्या आत जागा रिकामी पाहिजे. मी बुधल्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले. आयुष्यात मी कधी कोणाच्या अशी आडवी गेले नव्हते. मी सगळ्यांना सांगितलं, बाहेर व्हा, अंगणात व्हा. बायका खरोखर बाहेर गेल्या. काम बंद पडलं. ट्रकवाला हॉर्न वाजवत राहिला.

शेवटी ट्रकवरचा एक माणूस आत आला, मला खांद्याला धरून बाजूला केलं, बूच काढलं आणि बुधला मोरीत आडवा केला. मी डोळे मिटून घेतले.

काही झालं नाही. पाणी होतं. त्या घरातल्या कोणा म्हातारीने गंगेचं नाही तर कुठल्या तरी तीर्थाचं पाणी भरून ठेवलं असणार, वर्षानुवर्षं राहून पिवळं पडलेलं. त्याच माणसाने ओंजळीत घेऊन ते माझ्या अंगावर उडवलं. म्हणाला, "घे, पवित्र झालीस." सगळे हसले. बायकाही हसल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, मलाही क्षणभर हसू आलं होतं. पण त्यानंतर मला कोणी हाक मारली नाही. जे मिळेल ते मोरीत जायचं, आणि दर वेळी काही होत नसे. दर वेळी काही होत नाही, हेच ह्या कामाचं वाईट आहे. एखाद्या वेळी होतं, तेव्हा सांगायला तिथे कोणी उरलेलं नसतं.

घरी ह्यांचा खोकला वाढत गेला. औषध तेच, जेवण तेच, तरी वाढला. पावसाळ्यानंतर मी त्यांना खाली दवाखान्यात नेलं. त्याच डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी छाती तपासली आणि मला विचारलं, घरात धूळ कुठून येते?

मी खाली बघितलं. माझ्या नखांत चुना होता. पदराला राखाडी डाग होते, धुऊनही राहिलेले.

त्या दिवसापासून मी कामावरून आले की घरात शिरत नसे. मुलगी बाहेर बादली आणून ठेवायची. गोणपाटाच्या आडोशाला अंगावर पाणी घ्यायचं, साडी बाहेरच पिळून टाकायची, मग आत. पण केसांतलं जात नाही, आणि झोपडीला एकच खोली. मी दाराशी झोपायला लागले, ते आत भिंतीशी. मी काम सोडलं तर गोळ्या बंद, आणि काम केलं तर धूळ. डोक्यावर हे घमेल्यासारखं घेऊन मी चढत उतरत होते.

हे सगळं त्यांना समजत होतं. एकदा मी अशीच बाहेर ओल्या केसांनी बसले होते. त्यांनी आतून हाक मारली. मी म्हटलं, थांबा, अजून एकदा डोकं धुवायचंय, आज पत्र्यांचं काम होतं.

"राहू दे गं," ते म्हणाले. "ये, बस इथे. किती दिवस लांब बसणार?"

मी जाऊन बसले. त्यांनी माझ्या केसांवर हात ठेवला आणि त्यांना खोकला आला. बराच वेळ आला. तो थांबला तेव्हा त्यांनी हात पुन्हा तिथेच ठेवला.

ते गेले थंडीत, दुपारच्या वेळी. मी कामावर होते, मुलगी शाळेत. शेजारणीने पाणी द्यायला डोकावलं तेव्हा ते भिंतीला टेकून बसलेले होते, झोपल्यासारखे. तिरडी डोंगरावरून उतरवताना पोरांची खूप ओढाताण झाली. मिस्त्री आला होता. टोपी काढून पायऱ्यांच्या कडेला उभा राहिला. मुकादमही आला. त्याने डोळे पुसले, आणि मला वाटतं ते अश्रू खरे होते. निघताना त्याने मला विचारलं, तेराव्यानंतर येशील ना?

गेले. दुसरीकडे कुठे जाणार होते? मुलगी शिकत होती, आणि ते काम मला येत होतं. त्यानंतर कितीतरी घरं मी खाली केली. लोकांचे पलंग, पाळणे, पाट, लग्नातली भांडी, सगळं ह्या हातांवरून गेलं. नवीन बायका यायच्या, जुन्या कोणी पाठ मोडून, कोणी छातीने, कोणी नुसत्याच कंटाळून जायच्या. त्यांचं पुढे काय झालं, ते कळायला मार्ग नव्हता. त्या इथे कामाला होत्या असं कोणी म्हणणारच नव्हतं.

अंधेरीला एका कामावर एक नवीन पोरगेलीशी बाई आली, नुकतीच कोकणातून आलेली. बंद खोलीतला एक डबा उचलून तिने मला विचारलं, "मावशी, यात काय असंल?"

मी म्हटलं, माहीत नाही. खिडकी उघड आधी.

खिडकी गंजून बसली होती, उघडली नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मुकादम बाहेरून ओरडत होता. तिने झाकण काढलं. आत रंग होता, वाळून दगड झालेला. आम्ही तो तसाच घमेल्यात टाकला आणि पुढच्या खोलीत गेलो.